घरातील पेढी आणि माहितीची राखण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सार्वजनिक न्यासाच्या वाटचालीत पन्नास वर्षांचा टप्पा हा अभिमानाचा असतो, त्याचप्रमाणे तो हिशेब देण्याचाही असतो. पन्नास वर्षे समाजाने आपल्या हाती विश्वासाने जे दिले, ते आपण कसे सांभाळले, हा प्रश्न अशा प्रसंगी आपोआप उभा राहतो. न्यास म्हणजे ठेव. दुसऱ्याने विश्वासाने आपल्या स्वाधीन केलेली वस्तू. मंदिराची जमीन, ध्रुवफंड, पाठशाळा, ग्रंथालय या ठेवी आपल्याला दिसतात. परंतु गेल्या काही वर्षांत एक न दिसणारी ठेव आपल्या प्रत्येकाच्या घरात येऊन राहिली आहे. ती म्हणजे माहिती. आपली स्वतःची, आपल्या कुटुंबाची आणि आपण जिथे नोकरी-व्यवसाय करतो त्या कंपनीची. घरी बसून काम करीत असताना या ठेवीची राखण कशी करावी, हा आजचा विषय आहे. विषय संगणकाचा असला तरी त्याचे मूळ श्रावकाच्या आचारधर्मात आहे, असे माझे मत आहे आणि तेच मांडण्याचा प्रयत्न मी करणार आहे.

पेढी घरात आली, शिस्त मात्र पेढीवरच राहिली

मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभर टाळेबंदी लागू झाली आणि एका आठवड्यात असंख्य कार्यालये घरात आली. पुणे, मुंबई, बेंगळुरू येथे नोकरी करणारी आपली मुले-मुली सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, बार्शी अशा आपापल्या गावी परतली. माजघरात, गच्चीवरच्या खोलीत, देवघराशेजारच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडले गेले. साथ ओसरली तरी घरून काम करण्याची पद्धत पुष्कळ अंशी टिकून राहिली. चार्टर्ड अकाउंटंट घरून विवरणपत्रे भरतात, आडत दुकानाचे हिशेबनीस रात्री घरून टॅलीमधील नोंदी पुऱ्या करतात आणि कारखानदार प्रवासात मोबाईलवरून रक्कम पाठविण्यास मंजुरी देतात.

आपल्या वाडवडिलांच्या पेढीला एक शिस्त होती. तिजोरीची किल्ली कमरेला असे. रोजमेळ आणि खतावणी मुनीमजींच्या देखरेखीत असे. परका मनुष्य ओट्यापर्यंत येई, गादीपर्यंत येत नसे. पेढीवरची गोष्ट जेवणाच्या पाटावर बोलायची नाही, हा तर अलिखित नियमच होता. कंपनीच्या कार्यालयातही आजच्या काळाला अनुरूप असा बंदोबस्त असतो. दारावर रखवालदार, संगणकांच्या जाळ्यावर देखरेख करणारे तज्ज्ञ, शंका आल्यास शेजारच्या टेबलावर विचारण्याची सोय. घरी यांपैकी काहीच नसते. ज्या लॅपटॉपवर कंपनीच्या ग्राहकांची यादी असते, त्याच लॅपटॉपवर संध्याकाळी मुलगा खेळ उतरवून घेतो. ज्या वाय-फायवरून बँकेचे व्यवहार होतात, त्याचा पासवर्ड शेजाऱ्यांना, पाहुण्यांना आणि दुरुस्तीला आलेल्या कारागिरालाही ठाऊक असतो. पेढी घरात आली, पण पेढीची शिस्त वाटेतच राहिली. हॅकरला नेमके हेच हवे असते.

चोर येतो कसा?

हॅकर म्हटले की, अंधाऱ्या खोलीत बसलेला कोणी अद्भुत बुद्धीचा मनुष्य आपल्या डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो कुलूप तोडत नाही. तो आपल्याकडूनच किल्ली मागून घेतो, किंवा आपण उघडी टाकलेली खिडकी शोधतो. पुढील प्रसंग सार्वजनिक नोंदीतील असून सारेच आपल्याला काही शिकवून जातात.

जुलै २०२० मध्ये ट्विटर या कंपनीचे कर्मचारी घरून काम करीत होते. काहींना फोन आले. ‘मी आपल्याच संगणक विभागातून बोलतो आहे, तुमच्या व्हीपीएनमध्ये अडचण येत आहे ना?’ अशा आशयाचे ते बोलणे होते. त्या काळात अशी अडचण खरोखरच येत असे, म्हणून विश्वास बसला. कंपनीच्या पानासारखेच दिसणारे बनावट पान उघडले गेले, त्यावर पासवर्ड भरला गेला आणि पलीकडे बसलेल्या ठगांनी तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरला. बराक ओबामा, जो बायडेन, बिल गेट्स यांच्यासारख्यांच्या खात्यांवरून लोकांना बिटकॉइन पाठविण्याचे आवाहन झाले आणि एक लाख डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली. सूत्रधार म्हणून फ्लोरिडातून ज्याला अटक झाली, तो अवघा सतरा वर्षांचा मुलगा होता.

दुसरा प्रसंग मे २०२१ मधील. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरविणारी कलोनियल पाइपलाइन कित्येक दिवस बंद पडली. बाहेरून कंपनीच्या जाळ्यात शिरण्यासाठी दिलेले, परंतु वापरात नसलेले एक जुने खाते चालूच राहिले होते. त्याला केवळ पासवर्डचे संरक्षण होते, दुसरी कोणतीही पडताळणी नव्हती. तो एक पासवर्ड चोरांच्या हाती लागला. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी दिली. तिचा मोठा भाग पुढे अमेरिकी तपास यंत्रणांनी परत मिळविला, हे सुदैव. निघून गेलेल्या गुमास्त्याकडे राहिलेली किल्ली परत घ्यावयाची असते, हे आपले आजोबा जाणत होते. जगातील मोठ्या कंपनीला मात्र त्याचा विसर पडला.

तिसरा प्रसंग घराच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. लोकांचे पासवर्ड सांभाळण्याचाच व्यवसाय करणारी लास्टपास ही कंपनी. २०२२ मध्ये तिच्या एका ज्येष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर हल्ला झाला. त्यावर करमणुकीसाठी टाकलेले, दुरुस्ती न केलेले एक सॉफ्टवेअर होते. त्यातील दोषातून चोर शिरला, दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम त्याने बसविला आणि अभियंत्याचा मुख्य पासवर्ड मिळविला. कंपनीच्या साऱ्या भिंती भक्कम होत्या, पण त्या भिंतींची एक किल्ली घरच्या संगणकावर वापरली जात होती.

आपल्या पुण्यातही हे घडले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत हॅकरनी प्रवेश मिळविला. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. त्यातील बहुतांश रक्कम बनावट कार्डांच्या साहाय्याने तब्बल २८ देशांतील एटीएममधून गेली. सातासमुद्रापलीकडचा चोर लक्ष्मी रोडपर्यंत येऊ शकतो, हे यावरून ध्यानी यावे.

शहाजोग हुंडी आणि बनावट ईमेल

जुन्या व्यापारात शहाजोग हुंडी नावाचा प्रकार होता. अशा हुंडीचे पैसे वाटेल त्याला द्यायचे नसत. हुंडी घेऊन येणारा ‘शाह’, म्हणजे बाजारात पत असलेला गृहस्थ आहे, याची चौकशी करूनच सराफ रक्कम मोजत असे. हुंडी अस्सल आहे एवढे पुरेसे नव्हते. आणणाराही अस्सल आहे का, हे पाहणे सराफाचे कर्तव्य होते. गंमत अशी की, पुढे मराठीत ‘शहाजोग’ हा शब्द साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला लावला जाऊ लागला. आज आपल्याकडे येणारे कपटी ईमेल या नव्या अर्थाने शहाजोग असतात. त्यांची परीक्षा जुन्या अर्थाने करावयाची आहे.

समजा, आपला यंत्रपुरवठादार परदेशी आहे. त्याच्याशी चाललेला ईमेलचा पत्रव्यवहार चोर कित्येक दिवस गुपचूप वाचत असतो. रक्कम पाठविण्याची वेळ आली की, त्याच नावाने, त्याच भाषेत, त्याच बोधचिन्हासह एक पत्र येते : ‘लेखापरीक्षणामुळे आमचे बँक खाते बदलले आहे, कृपया या खात्यात रक्कम पाठवावी.’ ईमेलच्या पत्त्यात एखादेच अक्षर इकडचे तिकडे झालेले असते. कधी पत्ताही खराच असतो, कारण समोरच्याचे खातेच चोराच्या ताब्यात गेलेले असते. घाई असते, मुनीमजी घरून काम करीत असतात, शेजारी विचारायला कोणी नसते आणि रक्कम जाते. अशी गेलेली रक्कम परत मिळणे फार कठीण असते.

जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँग येथे अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला व्हिडिओ बैठकीत बोलावण्यात आले. बैठकीत वित्तप्रमुख आणि इतर सहकारी दिसत होते, बोलत होते. ते सारे चेहरे आणि आवाज संगणकाने तयार केलेले होते. त्या विश्वासावर सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठविले गेले. म्हणजे आता डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, एवढ्यावरही विसंबता येत नाही.

उपाय मात्र साधा आहे. पैशांसंबंधी किंवा पासवर्डसंबंधी कोणतीही सूचना ज्या मार्गाने आली, त्या मार्गाने तिची खात्री करावयाची नाही. ईमेल आले असेल तर आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करावा. ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे. व्हिडिओवर आदेश मिळाला तर तो बंद करून स्वतः फोन लावावा. ठरावीक रकमेपुढील प्रत्येक देयकाला दोघांची संमती असावी. आपल्या मंदिराची दानपेटी एकटा विश्वस्त उघडत नाही. पंचांसमक्ष उघडली जाते. यात कोणावर अविश्वास नसतो. उलट विश्वास टिकावा म्हणूनच ही पद्धत असते.

तत्त्वार्थसूत्राचा आरसा

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांतील काही संज्ञा आजच्या विषयाच्या प्रकाशात पाहिल्या की मन थक्क होते. अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ येतो, म्हणजे अस्सलाच्या जागी तशीच दिसणारी बनावट वस्तू खपविणे. बँकेसारखे दिसणारे बनावट पान म्हणजे दुसरे काय? सत्य व्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणे. हे झाले चोराचे दोष.

परंतु त्याच याद्यांतील काही संज्ञा थेट आपल्याकडे बोट दाखवितात. ‘रहोभ्याख्यान’ म्हणजे दुसऱ्याची गुप्त गोष्ट उघड करणे. ‘न्यासापहार’ म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या ठेवीचा अपहार करणे. नोकरी सोडताना कंपनीच्या ग्राहकांची यादी पेन ड्राइव्हवर घेऊन जाणारा तरुण स्वतःला चोर समजत नाही. ‘मीच तर ती तयार केली होती’, असे तो म्हणतो. पण वेतन घेऊन तयार केलेली ती यादी ही ठेव होती.

तसेच ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे. कटू वाटेल, परंतु आपल्या व्यापारी समाजात हे स्पष्ट बोलले पाहिजे. हजारो रुपयांचे सॉफ्टवेअर कुणीतरी ‘क्रॅक’ करून फुकट देतो आणि आपण ते आनंदाने घेतो. मोबाईल क्रमांकांच्या याद्या विकत घेऊन जाहिराती पाठवितो. चोरीचा माल घेणे हा दोष तर आहेच, शिवाय त्याची शिक्षा याच जन्मी मिळण्याचीही सोय आहे. कारण अशा फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येच पासवर्ड चोरणारे प्रोग्राम दडवून दिलेले असतात. चोराच्या हातचे कुलूप आपल्या तिजोरीला लावून निर्धास्त झोपणे शहाणपणाचे नव्हे.

येथे एक शंका निघू शकते. सत्यव्रती श्रावकाने काही लपवावे का? माझ्या मते गुप्तता आणि असत्य यांत मोठे अंतर आहे. आपल्या धर्माने मन, वचन आणि काया यांच्या तीन गुप्ती सांगितल्या आहेत. गुप्ती म्हणजे राखण, संयम. जे सांगावयाचे नाही ते न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. फोनवरील अनोळखी मनुष्याला ओटीपी न सांगणे हा उद्धटपणाही नव्हे. आपल्या ज्येष्ठांना समोरच्याला ‘नाही’ म्हणणे असभ्य वाटते आणि चोर नेमका त्या सौजन्याचा फायदा घेतात. सौजन्य राखूनही फोन ठेवता येतो.

छिद्रे बुजविण्याची साधने

आस्रव आणि संवर समजाविताना नावेचा दृष्टांत देतात. छिद्रातून पाणी आत येत असेल तर नुसते उपसून भागत नाही. आधी छिद्र बुजवावे लागते. घरून काम करणाऱ्याने कोणती छिद्रे बुजवावीत, ते आता क्रमाने पाहू.

पहिले छिद्र पासवर्डचे. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणे ही सर्वांत मोठी चूक. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरून तो फुटला की, चोर तोच पासवर्ड ईमेलला आणि बँकेला लावून पाहतात. पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांची मालिका लक्षात ठेवायला सोपी आणि फोडायला अवघड असते. मुलांची नावे, जन्मतारीख, तीर्थंकरांची नावे आणि पुढे १२३ हे प्रकार चोरांना पाठ आहेत. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती आता तज्ज्ञ आवश्यक मानत नाहीत, कारण मग लोक शेवटचा अंक तेवढा बदलतात. फुटल्याची शंका आली की मात्र तत्काळ बदलावा. अनेक पासवर्ड सांभाळण्यासाठी चांगला पासवर्ड मॅनेजर वापरावा. ज्येष्ठांनी ते वहीत लिहून वही कपाटात कुलपात ठेवली तरी चालेल. लॅपटॉपवर चिकटविलेल्या चिठ्ठीपेक्षा ते कितीतरी बरे.

दुसरे, दुहेरी पडताळणी. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. त्याचप्रमाणे पासवर्डखेरीज दुसरी खूण मागण्याची सोय जवळजवळ सर्वत्र उपलब्ध आहे. ती प्रथम ईमेलला लावावी, कारण इतर सर्व खात्यांचे पासवर्ड ईमेलमधूनच बदलता येतात. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीपेक्षा मोबाईलवरील ऑथेंटिकेटर अॅप अधिक सुरक्षित आणि त्याहून पास-की अधिक सुरक्षित. पास-की ही खऱ्या संकेतस्थळाशीच बांधलेली असल्याने बनावट पानावर ती चालतच नाही. मात्र सावध असावे. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीसाठी काम करणाऱ्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर मंजुरीच्या विनंत्यांचा मारा करण्यात आला आणि अखेर त्याने एक मंजूर केली. आपण स्वतः दार ठोठावलेले नसताना ‘आत येऊ का?’ असा प्रश्न आला, तर उत्तर ‘नाही’ हेच आणि तत्काळ कंपनीला कळवावे.

तिसरे, घरचे वाय-फाय. राऊटरसोबत आलेला मूळ पासवर्ड बदलावा, डब्ल्यूपीए-टू किंवा डब्ल्यूपीए-थ्री ही सुरक्षा निवडावी आणि पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ जाळे सुरू करावे. टीव्ही, कॅमेरे यांसारखी उपकरणेही त्याच वेगळ्या जाळ्यावर ठेवता येतात. रेल्वे स्थानक, हॉटेल येथील खुल्या वाय-फायवर कंपनीचे काम करू नये. स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट बरा. कंपनीने व्हीपीएन दिले असेल तर त्याला बगल देऊ नये. व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक रस्त्यातून जाणारा आपला खासगी बोगदा होय. तो वाटमारीपासून वाचवितो, पण आपण स्वतःच चोराला बोगद्याच्या तोंडाशी बोलावले तर त्याचा उपयोग नाही.

चौथे, अपडेट. संगणक ‘अपडेट करा’ म्हणतो आणि आपण ‘नंतर’ वर बोट ठेवतो. सॉफ्टवेअरमधील दोष सापडला की कंपनी दुरुस्ती पाठविते आणि त्याच वेळी तो दोष चोरांनाही कळतो. विंडोज १० ला नियमित सुरक्षा-दुरुस्ती देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविले आहे, ही गोष्ट दुकानांतील जुन्या संगणकांच्या संदर्भात विशेष लक्षात ठेवावी.

पाचवे छिद्र छोट्या पेढ्यांचे आहे. मालकाला घरून टॅली पाहता यावे म्हणून संगणक दुरुस्त करणारा मुलगा दुकानातील संगणकाचे ‘रिमोट डेस्कटॉप’ थेट इंटरनेटला उघडून देतो. सोय होते, पण अशी उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. एके सकाळी सर्व फायली कुलूपबंद होतात आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसते. यालाच रॅन्समवेअर म्हणतात. हे दार व्हीपीएनच्या आत असावे आणि त्याला दुहेरी पडताळणी असावी. तसेच फोनवरील अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखे दूरनियंत्रणाचे अॅप कधीही घेऊ नये. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच या प्रकाराविषयी इशारा दिला होता.

सहावे, काम आणि घर यांची फारकत. कंपनीचा लॅपटॉप मुलांना देऊ नये. कंपनीच्या फायली स्वतःच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवू नयेत. उठताना पडदा कुलूपबंद करावा. आपल्या आचारात ‘आदाननिक्षेपण समिती’ आहे, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना सावधानता. त्याचप्रमाणे टाकून देतानाही विवेक सांगितला आहे. जुना मोबाईल किंवा हार्ड डिस्क भंगारात देण्यापूर्वी त्यातील माहिती नीट पुसली गेली आहे का, हे पाहणे हा त्याच विवेकाचा आजचा अर्थ होय.

मूडबिद्रीचा धडा

चोरी झालीच तर काय? येथे आपला इतिहास मार्ग दाखवितो. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे जपल्या गेल्या. त्या जपल्या गेल्या म्हणूनच वाचल्या, याबद्दल आपण कायम ऋणी आहोत. परंतु अन्यत्र प्रत नव्हती. एखादी आग, एखादा पूर आला असता तर? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद यांच्यासारख्या धुरीणांनी प्रती करविण्याचा ध्यास घेतला. अखेर डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली अमरावतीहून पहिला भाग प्रकाशित झाला आणि ते ज्ञान सर्वत्र पोचले.

जपणूक हवीच, पण दुसरी प्रतही हवी, हा तो धडा. संगणकशास्त्रात याला तीन-दोन-एकचा नियम म्हणतात. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. यांतील निदान एक प्रत संगणकापासून वेगळी काढून ठेवलेली असावी, कारण जोडून ठेवलेली हार्ड डिस्क रॅन्समवेअर तेवढीच सहज कुलूपबंद करते. आणि वर्षातून दोनदा तरी ती प्रत उघडून पाहावी. बॅकअप असलेल्या पेढीला खंडणीपुढे झुकावे लागण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. ज्याच्याकडे प्रत नाही, त्याने खंडणी भरली तरी फायली परत मिळतीलच, याची हमी चोराच्या शब्दाखेरीज दुसरी कोणतीच नसते.

आलोचना लवकर व्हावी

याहून महत्त्वाची एक गोष्ट सांगतो. फसवणूक झाल्यावर सर्वाधिक नुकसान होते ते गप्प बसल्याने. ‘कंपनीत काय म्हणतील?’, ‘घरी काय सांगू?’, ‘समाजात हसे होईल’ या विचारात मोलाचे तास निघून जातात. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकत असते. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळविल्यास ती मध्येच गोठविता येण्याची शक्यता असते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही करता येते. बँकेला, कंपनीच्या संगणक विभागाला त्याच क्षणी कळवावे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना निर्दिष्ट सायबर घटना सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात. कर्मचाऱ्यानेच दोन दिवस लपविले तर कंपनी कशी कळविणार?

आपल्याकडे आलोचनेचे महत्त्व फार मोठे आहे. दोष घडल्यावर तो गुरूंसमोर निष्कपटपणे सांगणे, ही शुद्धीची पहिली पायरी. परंतु सांगणाऱ्याला ऐकून घेणाराही तसाच क्षमाशील हवा. घरातील सुनेने चुकून लिंक दाबली, वृद्ध वडिलांनी ओटीपी सांगितला, तर पहिला शब्द रागाचा नसावा. जिथे चूक सांगण्याची भीती नसते, तिथे चोराला वेळ मिळत नाही. कारखानदार बंधूंना माझी विनंती आहे की, स्वतःहून लगेच कळविणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा करू नका.

न्यासाची आपली जबाबदारी

शेवटी आपल्या ट्रस्टविषयी. आपल्या कार्यालयात देणगीदारांचे पॅन क्रमांक आहेत, शिष्यवृत्ती मागणाऱ्या विद्यार्थ्यांचे उत्पन्नाचे दाखले आहेत, वधू-वर सूचक केंद्राकडे मुला-मुलींची छायाचित्रे, जन्मवेळ, वेतन आणि मोबाईल क्रमांक आहेत. या परिचयपुस्तिकांच्या फायली व्हॉट्सअॅपवर एका गटातून दुसऱ्या गटात फिरत असतात. मुलीचा विवाह होऊन चार वर्षे झाली तरी तिचे छायाचित्र आणि क्रमांक अनोळखी लोकांच्या मोबाईलमध्ये राहतात. बनावट ओळख तयार करू पाहणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्याला ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हटले आहे. फिड्युशिअरी म्हणजे दुसऱ्याच्या विश्वासास बांधलेला; आपल्या ‘विश्वस्त’ या शब्दाच्या अगदी जवळचा. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. पण आपण दंडाच्या भयाने जागे व्हावे, असे मला वाटत नाही. अपरिग्रहाची शिकवण आपल्याला पुरेशी आहे. जी माहिती लागत नाही ती मागू नये. मागितली तर काम संपल्यावर ठेवू नये. ठेवलीच तर कोणी पाहावी, हे ठरवून ठेवावे.

म्हणून विश्वस्त मंडळाला तीन नम्र सूचना करतो. परिचयपुस्तिकेत संपर्क क्रमांक केंद्राचाच द्यावा आणि विवाह ठरल्यावर त्या व्यक्तीची नोंद काढून टाकावी. सभासदांची सूची छापताना पूर्ण जन्मतारीख आणि निवासाचा पत्ता संमतीशिवाय देऊ नये. आणि दरवर्षी पर्युषण पर्वाच्या आधी एक दिवस कार्यालयातील खात्यांचा आढावा घ्यावा : कोणाकडे कोणती किल्ली आहे, कोण पदमुक्त झाले, कोणाचा प्रवेश बंद करावयाचा, बॅकअप उघडतो का. आत्म्याचे प्रतिक्रमण आपण नित्य करतो, ट्रस्टच्या संगणकाचे निदान वर्षातून एकदा व्हावे.

श्रोतेहो, आपल्या शास्त्रांनी हिंसेच्या मुळाशी प्रमाद पाहिला आहे. हॅकरचा दोष त्याचा त्याला. पण दार उघडे राहण्यास आपला प्रमाद कारण झाला, तर दुसऱ्याच्या कष्टाच्या पैशाची, एखाद्या मुलीच्या मनःशांतीची, एखाद्या कंपनीतील शेकडो नोकऱ्यांची हानी होते, आणि त्या हानीत आपलाही वाटा असतो. या ट्रस्टला पन्नास वर्षे समाजाने जे दिले, त्यात रुपयांहून मोठी गोष्ट विश्वास होती. पुढील पन्नास वर्षांत तो विश्वास संगणकाच्या पडद्यावरही तितकाच अभंग राहो, अशी जिनेंद्रचरणी प्रार्थना करतो.  बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!